व्यवस्थापनातल्या पीएचडीला सरकारी पैसा का द्यायचा?

माणदेशी (धागा)

डिसेंबर 2023 मध्ये विधान परिषदेत सारथी या मराठा समाजासाठीच्या सरकारी संस्थेच्या फेलोशिपचा विषय निघाला, तेव्हा पीएचडी करून ही मुलं काय दिवे लावणार, असा सवाल झाला होता. माझ्या घरीही तो होतो. कॅन्सरवर संशोधन असेल तर समजू शकतो, पण बिझनेसला सरकारी पैसा कशाला?

माझा विषय असा: शेजारच्या केंद्रावर दर जास्त असताना शेतकरी वर्षानुवर्षं एकाच खासगी डेअरीला दूध का घालतात? पहिल्या फेरीत प्रश्नावली भरून घेतली. बहुतेकांनी 'दर चांगला' यावर खूण केली. तिसऱ्यांदा गेले तेव्हा एका मावशींनी चहा ठेवला आणि आतून डायरी आणली. दर दहा दिवसांच्या बिलातून 'उचल' कापलेली. जूनमध्ये मुलीच्या फीसाठी घेतलेले पैसे दिवाळीपर्यंत फिटत होते, आणि ते फिटल्याशिवाय डेअरी बदलता येत नव्हती. फॅट 3.5, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) 8.5 च्या दरपत्रकात हे कुठेच दिसत नाही.

चौथ्यांदा जायला एसटीचं भाडं लागतं, मुक्कामाला खोली लागते. माझी फेलोशिप अकरा महिने रखडली तेव्हा मी क्लासमध्ये शिकवत होते, गावाकडे एकदाही फिरकता आलं नाही. म्हणून माझं म्हणणं, पैसा द्या, पुरेसा द्या आणि वेळेवर द्या.

चाकणकर

तुमच्या कामाबद्दल आदर आहे, पण मुद्दा पटला नाही. यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधन फेलोशिप, जानेवारी 2023 पासून महिना 37,000 आहे, दोन वर्षांनंतर 42,000. पाच वर्षांचे 24 लाख होतात, घरभाडे भत्ता वेगळा. एवढा पैसा घालून हाती काय येतं? मी बावीस वर्षं कारखान्याच्या फायनान्समध्ये आहे. दरवर्षी पीएचडीवाल्यांच्या प्रश्नावल्या येतात, 'पूर्ण सहमत'पासून 'पूर्ण असहमत'पर्यंत. मी भरून देतो. निष्कर्ष काय निघाला, हे सांगायला आजवर एकही जण परत आलेला नाही. ज्या संशोधनाचा फायदा कंपन्यांना, त्याचा खर्च कंपन्यांनी करावा. लोकांनी नोकरी सांभाळून पीएचडी करावी. आता तशी सोयही आहे.

तासिकावाली

दादा, मी तशीच केली. फेलोशिप नाही, सकाळी तासिका तत्त्वावर कॉलेज, संध्याकाळी घर. विषय कर्मचाऱ्यांचं समाधान. 384 जणांचा नमुना घेतला, कारण नमुना किती घ्यायचा याच्या छापील तक्त्यात तोच आकडा आहे आणि सगळे तोच घेतात. गूगल फॉर्म ओळखीच्या ग्रुपवर टाकले. एकाही कारखान्याच्या गेटच्या आत पाऊल टाकलं नाही, कारण रजा मिळत नव्हती. पदवी मिळाली, पण त्या प्रबंधात मला नवं असं काही सापडलं नाही, याचं आजही वाईट वाटतं. तुमच्याकडे परत न येणाऱ्यांत माझ्यासारखे किती असतील, याचाही विचार करा.

नेटसेट

मूळ प्रश्न नोकरीचा आहे. जुलै 2023 मध्ये यूजीसीने सहायक प्राध्यापकासाठी पीएचडी ऐच्छिक केली, नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा पुरे. मग तरुणांना पाच-सहा वर्षं अडकवून का ठेवायचं? आधी रिक्त पदं भरा.

माणदेशी

@चाकणकर, कंपनीने खर्च करावा म्हणता. उचलीवरच्या संशोधनाला कोणती डेअरी पैसे देईल? ज्याचा व्यवहार तपासायचा, त्याच्याच पैशावर तपासणी कशी होणार?

@नेटसेट, पदं भरायलाच हवीत, त्याबद्दल वाद नाही. पण मी हे फक्त प्राध्यापक होण्यासाठी करत नाहीये.

डचमराठी

नेदरलँड्समध्ये व्यवस्थापनातली पीएचडी केली, म्हणून लिहितो. तिथे बहुतेकांसाठी ती चार वर्षांची नोकरी असते: पगार, पेन्शन, मे महिन्यात सुट्टीचा भत्ता. पैसे उशिरा येतील ही भीती मला एकदाही वाटली नाही. मात्र पहिल्या वर्षाअखेर परीक्षण होतं, काम जमत नसेल तर तिथेच थांबवतात. माझ्या शेजारच्या टेबलावरच्या मुलीला असं थांबवलं. ती खूप रडली, मलाही ते कठोर वाटलं. तरी मी त्या पद्धतीच्या बाजूने आहे. आपल्याकडे आयआयएममध्ये फी माफ असते, दरमहा विद्यावेतन मिळतं. राज्य विद्यापीठातल्या मुलांच्या वाट्याला मात्र मोर्चे आणि उपोषणं येतात. हा भेद आधी मिटवा.

चाकणकर

तासिकाताईंचं वाचून थोडा थांबलो. डेअरी स्वतःविरुद्ध संशोधनाला पैसे देणार नाही, हेही मान्य. तरी सरसकट फेलोशिपला माझा विरोध कायम आहे. पहिल्या वर्षानंतर परीक्षण ठेवा, मग माझ्या करातून खुशाल द्या. माणदेशीताई, एकच विचारतो. तुमचा प्रबंध इंग्रजीत असणार. त्या मावशींपर्यंत तो पोचणार कसा?

माणदेशी

प्रबंध इंग्रजीतच आहे. पण त्यातली आठ पानं मराठीत लिहून काढली आहेत, उचलीचा हिशेब कसा मांडायचा तेवढीच. पुढच्या बिलाच्या दिवशी संकलन केंद्राबाहेर वाचून दाखवणार आहे. मावशींनी डायरी घेऊन यायचं कबूल केलंय. तुम्हाला प्रत हवी असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.