कन्सोल केबल भंगारात काढायची का?

क्लाउडवाला पुणे: जालन्यात एका साइटवर गेलो तर तिथला मुलगा पिशवीतून निळी कन्सोल केबल, म्हणजे लॅपटॉप थेट राउटरला जोडायची वायर, काढतोय! अहो, कोणत्या जमान्यात आहात? राउटरला वेब पेज आहे, नेटवर्कवरून दुरूनच कमांड द्यायला एसएसएच आहे. भंगारात घाला ती केबल.

परभणीकर: तो मुलगा मी नव्हे, पण राग मलाच आला. एसएसएचला आधी राउटरचा आयपी पत्ता लागतो. कोऱ्या सिस्को राउटरला तो कोण देणार, तुमचं क्लाउड? पासवर्ड विसरला तर राउटर बंद-चालू करून पहिल्या मिनिटात केबलवरून ब्रेकचं बटण मारायचं नि रजिस्टर २१४२ करायचं, म्हणजे राउटर पासवर्डसकट जुनं सेटिंग न वाचताच उठतो. दाखवा करून वेब पेजवरून! गेल्या एप्रिलात सेलूजवळच्या एका जिनिंगच्या राउटरवर घरबसल्या एसीएल, म्हणजे कुणाला आत सोडायचं त्याची यादी, लावली अन् स्वतःच्याच आयपीची ओळ विसरलो. राउटरनं मलाच बाहेर काढलं. डोक्याला रुमाल बांधून मोटारसायकल काढली. तिथं गेलो, केबल जोडली, तर लॅपटॉपवरच्या पुटी प्रोग्रॅममध्ये स्पीड ११५२०० राहिलेला, स्क्रीनभर नुसते चौकोन नि वेडीवाकडी चिन्हं. ९६०० केला, एंटर मारला, तेव्हा कुठं राउटरची कमांडची ओळ दिसली. मुनीमजींनी ताक पाजलं.

नांदेडी: चूक तुमची, कौतुक केबलचं! आधी ‘रीलोड इन १०’ मारायचं, कन्फिग, म्हणजे नवं सेटिंग, सेव्ह करायचं नाही. बाहेर फेकले गेलात तर दहा मिनिटांनी राउटर जुन्या कन्फिगवर उठतो. पेट्रोल वाचलं असतं.

परभणीकर: माहीत आहे. त्या दिवशी मारलं नाही. झालं समाधान?

लातूरवाला: केबल ठेवा, पण स्वस्तातली यूएसबीवाली घेऊ नका. चिप नकली निघते, डिव्हाइस मॅनेजरात पिवळा त्रिकोण, एरर कोड १०. माझा तर पोर्टच जळाला, अर्थिंगपायी. चार्जर लावलेला लॅपटॉप जोडला, बोटाला झिणझिण्या आल्या, पोर्ट मेला. न्यूट्रल-अर्थमध्ये जवळपास शून्य हवं, तिथं मीटर ४० व्होल्ट दाखवायला लागलं.

वायरमन बीड: आपली काळी माती हो. उन्हाळ्यात भेगा पडल्या की अर्थिंगच्या रॉडला धरतच नाही. रॉडच्या खड्ड्यात मीठ-कोळसा भरा, आठवड्याला बादलीभर पाणी ओता.

लातूरवाला: आमच्याकडं २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं होतं. अन् मी ते खड्ड्यात ओतू?

वायरमन बीड: हातपाय धुतलेलं ओता, कोण बघायलंय! तिसरी पिन तोडून प्लग लावणारे तुम्हीच, अन् वर अर्थिंगला शिव्या.

लातूरवाला: पिन मी नाही तोडली. तुमच्याच धंद्यातल्या माणसानं तोडली, बोर्डात बसत नव्हती म्हणून.

नांदेडी: धागा राउटरचा आहे का बोअरचा? चार्जर काढून बॅटरीवर जोडा लॅपटॉप, मिटलं.

वायरमन बीड: मिटलं कसं? राउटर काय बॅटरीवर चालतो का?

क्लाउडवाला पुणे: बरं बाबा, ठेवा ती केबल. पिशवीत बादलीही ठेवा.

परभणीकर: ठेवतो. तुमचा एखादा राउटर इकडं अडकला तर कळवा. उन्हाचे पैसे वेगळे पडतील.