मदत हवी आहे : ४जी राउटरवरून व्हीपीएसवरील पोस्टग्रेसची जोडणी होते, पण मोठी यादी मागितली की अडकते

नमस्कार.

यवतमाळ जिल्ह्यातील एका शेतकरी उत्पादक कंपनीच्या कापूस खरेदीच्या नोंदींचे संगणकीय काम मी पाहतो. आमचा डेटाबेस मुंबईतील डेटा सेंटरमधल्या व्हीपीएसवर (भाड्याच्या आभासी सर्व्हरवर) असून त्यावर उबुंटू २२.०४ आणि पोस्टग्रेस १४ हे डेटाबेस सॉफ्टवेअर आहे. यवतमाळच्या कार्यालयात फायबर आहे आणि तेथून सर्व काही सुरळीत चालते. अडचण आहे ती घाटंजी आणि पांढरकवडा भागातील आमच्या खरेदी केंद्रांवर, जेथे सिमकार्डवर चालणाऱ्या ४जी राउटरशिवाय दुसरी सोय नाही.

काट्यावर गाडीचे वजन झाले की पावतीची नोंद सर्व्हरवर लगेच जाते आणि शेतकऱ्याचे नाव शोधले तर तेही सापडते. मात्र चुकाऱ्याची यादी किंवा दिवसभराची आवक मागितली की खिडकी जागीच थिजते आणि बऱ्याच वेळाने जोडणी तुटल्याचा संदेश येतो. इंटरनेट संथ आहे म्हणावे, तर त्याच राउटरवरून व्हिडिओ कॉल व्यवस्थित होतो. कापसाने शिगोशीग भरलेली बंडी फाटकात अडकावी आणि रिकामी बंडी मात्र सहज बाहेर पडावी, तसा हा प्रकार आहे.

नेहमीचे सल्ले पुन्हा यायला नकोत म्हणून तपासलेल्या गोष्टी आधीच सांगतो. पोस्टग्रेस मुळात फक्त लोकलहोस्टवर, म्हणजे त्याच यंत्रावरून आलेल्या जोडण्या, ऐकते. ती सेटिंग बदलून सेवा रीस्टार्ट केलेली आहे. पीजी एचबीए या, कोणाला प्रवेश द्यायचा ते ठरवणाऱ्या फाइलमध्ये केवळ एसएसएल जोडणीला आणि स्क्रॅम पद्धतीच्या पासवर्डला परवानगी आहे. ५४३२ हे पोस्टग्रेसचे पोर्ट यूएफडब्ल्यूमध्ये (उबुंटूच्या फायरवॉलमध्ये) आणि सेवादात्याच्या पॅनेलवरील फायरवॉलमध्येही उघडे आहे. यांतले एखादे चुकले असते तर जोडणी सुरुवातीलाच नाकारली गेली असती किंवा ताटकळत राहिली असती. लॉगिन होऊन, छोटी उत्तरे मिळून, मग मध्येच थांबली नसती. क्वेरीतही दोष दिसत नाही, कारण सर्व्हरवर ती क्षणात पूर्ण होते. शिवाय केंद्रावरून एसएसएचने (दूरस्थ लॉगिनने) सर्व्हरच्या आत शिरल्यावरही मोठी लॉग फाइल पडद्यावर आणली की तेही तसेच अडकते. त्यामुळे पोस्टग्रेसला दोष देण्यात अर्थ नाही, असे माझे मत झाले आहे.

नंतर सर्व्हरवर टीसीपीडम्प (येणारी-जाणारी पॅकेटे नोंदवणारे साधन) लावून पाहिले. जोडणी होताना दोन्ही बाजू १४६० चा एमएसएस (एका पॅकेटमध्ये घेता येणाऱ्या माहितीचा कमाल आकार) जाहीर करतात आणि लहान पॅकेटांच्या पोचपावत्या येतात, पण पूर्ण आकाराची पॅकेटे सर्व्हर पुन्हा पुन्हा पाठवत राहतो आणि त्यांची पोच येत नाही. केंद्रावरील विंडोज संगणकावरून तुकडे न करण्याची अट घालून पिंग केले असता १४७२ बाइटला उत्तर आले नाही, १३७२ ला आले. त्यात शीर्षांचे (हेडरचे) २८ बाइट मिळवले की १४०० होतात. म्हणजे वाटेत कोठेतरी एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) १५०० पेक्षा कमी आहे. काही मोबाईल नेटवर्कमध्ये आयपीव्ही४ चे पॅकेट आतून आयपीव्ही६ मध्ये बदलून नेले जाते, तेव्हा २० बाइटचे शीर्ष ४० चे होते. त्यावर मोबाईल नेटवर्कचे स्वतःचे वेष्टण असते ते वेगळेच. वाट अरुंद असणे हा काही दोष नव्हे. मात्र पॅकेट मोठे असल्याचे कळवणारा आयसीएमपी (नेटवर्कमधील अडचणी कळवण्याच्या पद्धतीचा) संदेश सर्व्हरपर्यंत यायला हवा, तो येत नाही. दोन्ही फायरवॉलमध्ये आयसीएमपी मोकळे करूनही फरक पडला नाही.

पडताळणीसाठी एका केंद्रावरील संगणकाचा एमटीयू १४०० केला आणि तेथे पूर्ण यादी तत्काळ आली. निदान बरोबर असल्याचे यावरून मी समजतो. तरीही प्रत्येक केंद्राच्या प्रत्येक संगणकावर हे करत बसणे जमणारे नाही, कारण हंगामात यंत्रे इकडची तिकडे होतात, आणि आमच्या साध्या राउटरमध्ये एमएसएस कमी करण्याची सोयच नाही. उपाय सर्व्हरवर एकाच ठिकाणी हवा आहे.

मला तीन मार्ग दिसतात. पहिला, सर्व्हरच्या नेटवर्क इंटरफेसचाच एमटीयू १४०० करणे. यात फायबरवाल्यांचे थोडे नुकसान होईल, पण ते नगण्य असावे. दुसरा, आयपीटेबल्सने (लिनक्समधील पॅकेटांच्या नियमांच्या साधनाने) एमएसएस बदलणे. येथे मला एक शंका आहे : सर्व्हरकडून बाहेर जाणाऱ्या सिन-अ‍ॅकवर (जोडणीच्या विनंतीला, म्हणजे सिनला, दिलेल्या उत्तराच्या पॅकेटवर) नियम लावला तर केंद्राकडून येणारी पॅकेटे लहान होतील, आमची अडचण तर उलट दिशेची आहे, मग केंद्राकडून येणाऱ्या सिन पॅकेटवरच, मँगल टेबलच्या प्रीराउटिंगमध्ये (पॅकेट आत येताच लागू होणाऱ्या नियमांत), ठरावीक आकडा घालावा लागेल ना? तिसरा मार्ग कर्नलमधील टीसीपी एमटीयू प्रोबिंग १ करण्याचा आहे. त्यात मोठी पॅकेटे हरवत असल्याचे लक्षात आल्यावर कर्नल स्वतःच आकार घटवतो, परंतु तोपर्यंतचा विलंब प्रत्यक्षात कितपत जाणवतो, हे वापरणाऱ्यांनी सांगावे.

याच्याशी जोडलेला आणखी एक प्रश्न आहे. केंद्रांचे आयपी पत्ते सतत बदलतात आणि सीजीनॅटमुळे (मोबाईल कंपनीच्या पत्ता-वाटपामुळे) एकच पत्ता अनेक ग्राहकांमध्ये वाटलेला असतो, म्हणून ५४३२ ठरावीक पत्त्यांपुरते बंदिस्त करता येत नाही. लॉगमध्ये पोस्टग्रेस या नावाने अनोळखी ठिकाणांहून लॉगिनचे प्रयत्न रोज दिसतात आणि ते मला मुळीच पसंत नाही. त्यामुळे ५४३२ बाहेरून बंद करून सर्व केंद्रे वायरगार्ड या व्हीपीएनवर (सुरक्षित खासगी जोडणीवर) आणण्याचा विचार आहे. त्याचा एमटीयू सामान्यतः १४२० असतो, तो आमच्या वाटेला मोठा पडेल. वायरगार्डचा ६० ते ८० बाइटचा भार धरून मी १२८० ठेवणार आहे आणि नॅटमधील वाट बंद पडू नये म्हणून कीपअलाइव्ह (जोडणी जिवंत ठेवणारा छोटा संदेश) दर २५ सेकंदांनी.

खरेदी सुरू असताना दिवसा सर्व्हरला हात लावता येत नाही, रात्री काटा बंद झाल्यावरच जे करायचे ते करता येईल. वायरगार्डवर गेल्यास वरच्या तीन मार्गांपैकी एखादा तरीही लागेल का, की १२८० पुरेसे ठरेल? ४जी राउटरमागून वायरगार्ड चालवणाऱ्यांनी आपला एमटीयू किती ठेवला आहे, तेही कृपया कळवावे. टीसीपीडम्पची नोंद हवी असल्यास पत्ते झाकून येथे देतो.