मदत हवी आहे: ग्राफिक्स ड्रायव्हरमध्ये चार ठिकाणी कॉपी झालेला फेन्सचा कोड एकत्र कसा करू?

नमस्कार मंडळी,

एका एम्बेडेड बोर्डाचा लिनक्स ग्राफिक्स ड्रायव्हर सध्या माझ्या गळ्यात आहे. कर्नल ६.१. मूळ लिहिणारे नोकरी सोडून गेले, त्यामुळे विचारायला कुणी नाही.

बफरला (चित्राचा डेटा ठेवलेल्या मेमरीच्या तुकड्याला) हात लावायच्या चार वाटा आहेत: थ्रीडीचं काम सबमिट करणं, कॉपी इंजिनचं काम सबमिट करणं, डिस्प्लेला फ्रेम देणं आणि सीपीयूला बफर वाचू-लिहू देणं. चारही ठिकाणी साठेक ओळी त्याच. बफर लॉक करा, आधीचे फेन्स (‘हे काम संपलं’ असं सांगणाऱ्या खुणा) गोळा करा, आपला फेन्स लावा, लॉक सोडा. त्याच म्हणतोय, पण नीट बघितलं तर प्रत्येकीचं वळण वेगळं. थ्रीडीत ईडेडएलके (लॉक एकमेकांत अडकतील अशी, डेडलॉकची एरर) आला की सगळे लॉक सोडून पुन्हा सुरुवात होते. कॉपीत तीच एरर सरळ युजरस्पेसला, म्हणजे ड्रायव्हर वापरणाऱ्या प्रोग्रॅमला, जाते. एकच बफर यादीत दोनदा आला तर एक वाट ईऑलरेडी (‘हा लॉक आधीच घेतलाय’ ही एरर) गिळते, दुसरी अडखळते.

त्यात भर म्हणजे व्हिडिओ चालू असताना मधूनच फ्रेमचा खालचा भाग पुढच्या फ्रेमचा दिसतो. तासाभरात एखाद्या वेळी. प्रिंट टाकला की गायब!

मी सगळं एका फंक्शनमध्ये कोंबून पाहिलं. लिहायचंय का, थांबायचंय का, फेन्स लावायचा का, डुप्लिकेट चालतील का... पाच बूलियन (हो-नाही पर्याय) झाले. कॉल करताना नुसतं ट्रू, फॉल्स, फॉल्स, ट्रू, ट्रू. दुसऱ्या दिवशी माझं मलाच कळेना. जाणकारांनी सांगावं, याची फोड कुठे करायची?

प्रतिसाद: रिफॅक्टरिंग जरा बाजूला ठेवा. कॉपीच्या वाटेत, ज्या बफरमध्ये लिहिताय त्याचे आधीचे फेन्स गोळा करताना यूसेज (फेन्स कशासाठी आहे ते सांगणारा प्रकार) कोणता देता?

धागाकर्ता: यूसेज राईट. लिहितोय म्हणून राईट.

प्रतिसाद: सापडला तुमचा फाटका फ्रेम. कर्नल ५.१९ पासून रिझर्व्हेशन ऑब्जेक्टमध्ये (बफरचा लॉक आणि फेन्स जिथे राहतात त्यात) यूसेजचे चार थर आहेत: कर्नल, राईट, रीड, बुककीप. एखादा यूसेज मागितला की त्याच्या आधीचे सगळे त्यात आलेच. म्हणजे राईट मागितलं की फक्त कर्नल आणि आधीचे लिहिणारे मिळतात. वाचणारे राहून जातात. थ्रीडी इंजिन अजून बफर वाचतंय आणि तुमचं कॉपी इंजिन त्यावर लिहून मोकळं. लिहिणाऱ्याने रीड मागून थांबायचं आणि स्वतःचा फेन्स मात्र राईट म्हणून लावायचा. नाव उलटं वाटतं, सगळेच एकदा तरी इथे आपटतात. म्हणूनच हाताने लिहू नका, ‘यूसेज आरडब्ल्यू’ नावाचं छोटं फंक्शन आहे. त्याला लिहायचंय की नाही एवढंच सांगायचं.

आता फोड. चार वाटा दिसतात, पण खऱ्या जुळ्या दोनच, थ्रीडी आणि कॉपी. डिस्प्लेचा कोड सरळ काढून टाका, प्लेनसाठी (डिस्प्लेवरच्या चित्राच्या थरासाठी) जेमचं, म्हणजे कर्नलमधल्या ग्राफिक्स बफर सांभाळणाऱ्या भागाचं, तयार प्रिपेअर-एफबी आहे, ते फेन्स उचलतं. सीपीयूला एकाच बफरवर थांबायचंय. त्याला लॉकची साखळी कशाला? वेट-टाइमआउट पुरे.

उरलेल्या दोघांसाठी तीन लहान फंक्शन्स करा: लॉक करणं, अवलंबित्व (आधीच्या कोणत्या फेन्ससाठी थांबायचं ते) जोडणं, फेन्स लावणं. लॉकसाठी ‘जेम लॉक रिझर्व्हेशन्स’ ६.१ मध्ये आहे, ईडेडएलकेचा घोळ तेच निस्तरतं. अवलंबित्वासाठी, कामं रांगेत लावणाऱ्या शेड्युलरचं इम्प्लिसिट डिपेंडन्सीवालं फंक्शन. बूलियन एकच उरतो, बफरमागे एक: लिहितोय का? आणि फेन्सची जागा काम आर्म (रांगेत जायला पक्कं) करण्याआधीच राखून ठेवा. आर्म झाल्यावर मेमरी मागायला गेलात तर रिक्लेम (कर्नलचं मेमरी मोकळी करणं) तुमच्याच फेन्ससाठी थांबून राहू शकतो.

तपासायला डीबग डब्ल्यूडब्ल्यू-म्युटेक्स स्लोपाथ हा कर्नलचा कॉन्फिग पर्याय चालू करा. तो मुद्दाम ईडेडएलके सोडत राहतो.

धागाकर्ता: एक शब्द बदलला, रात्रभर व्हिडिओ चालवला, एकही फाटका फ्रेम नाही. डिस्प्लेची कॉपी उडवली. स्लोपाथ चालू केल्यावर जुनी कॉपीची वाट चहा येईपर्यंतही टिकली नाही, तीही उडवतोय. फक्त एक अडलंय: जेमचं लॉक फंक्शन डुप्लिकेट बफर आला की ईऑलरेडी परत देतं. तो कुठे हाताळू?

प्रतिसाद: लॉकपर्यंत येऊच देऊ नका. युजरस्पेसची यादी वाचतानाच छाटा. कर्नल ६.६ वर गेलात की डीआरएम एक्झेकला (बरेच बफर एकत्र लॉक करायच्या नव्या सोयीला) डुप्लिकेट सोडून द्यायचा फ्लॅग आहे, तेव्हा हे छाटणं काढता येईल. पण एक जपा: तोच बफर एकदा वाचायला आणि एकदा लिहायला आला असेल, तर उरलेल्या नोंदीवर ‘लिहितोय’ हीच खूण राहिली पाहिजे. पहिली नोंद ठेवून दुसरी फेकलीत, तर तो फाटका फ्रेम पुन्हा दारात.