मदत हवी आहे: एम-३५ए२ ट्रकचं ब्रेक ऑइल उतरतंय, बाहेर गळती नाही

लष्करातून बाद झालेला एम-३५ए२ (अडीच टनी, ६×६) दुरुस्त करतोय. ब्रेक मूळचेच, हवेच्या जोरावर चालणारे हायड्रॉलिक. सहाही हबना मिळून एकच सर्किट, म्हणजे एक सील गेलं की सगळेच ब्रेक गेले! त्यामुळे गाडी ठोकळे लावून उभी आहे, रस्त्यावर काढत नाही.

हवेचा दाब पूर्ण भरल्यावर पॅडल दाबून धरलं की हळूहळू खाली बसतं. मास्टर सिलिंडरमधलं ऑइल कमी होतं, पण ड्रमपाशी किंवा पाइपांच्या जोडांवर थेंबही नाही. व्हील सिलिंडर आणि होज नवे आहेत, मास्टरला नवं सील किट टाकलंय, लाइनमधली हवाही नीट काढलीय. ऑइल डॉट ५ सिलिकॉन. जुनं पूर्ण धुऊन काढलं होतं, भेसळ नाही.

संशय एअर-पॅकवर (हवेच्या जोरावर ब्रेक ऑइलचा दाब वाढवणारा बूस्टर) आहे. त्याच्या हवेच्या नळीच्या तोंडाशी बोट फिरवलं की तेलकट ओल लागते. पण ती जांभळट ब्रेक ऑइलची की कंप्रेसरकडून आलेली, हे मळामुळे ओळखू येत नाही.

एअर-पॅक जड आणि अडचणीच्या जागी आहे. तो न उतरवता आतलं सील गेल्याची खात्री कशी करायची? आणि उतरवावाच लागला, तर किट टाकून भागतं की अख्खा बदललेला बरा?