कूलरची पिन उलटी लावू नका
"पिन उलटी करून लावा, कूलर करंट मारत नाही" हा उपाय कोणी सांगितला तरी कृपा करून करू नका. झिणझिण्या कमी होतात हे खरं, पण पंपाच्या वायरचं फाटलेलं आवरण तसंच राहतं. आमच्याकडे दोन उन्हाळे हेच चाललं. मागच्या मे महिन्यात माय टाकीत पाणी टाकत होती, ओला हात पत्र्याला लागला आणि बादली पार अंगणात जाऊन पडली. "काही नाही रे बाबू, मुंगी चावल्यासारखं झालं," म्हणे. बोटं मात्र संध्याकाळपर्यंत थरथरत होती.

मग तीन पिनांचा प्लग लावला, तरी पत्रा चावायचाच. दोष निघाला अंगणात, तिसऱ्या पिनेची तार जिथं जमिनीत उतरते त्या अर्थिंगच्या खड्ड्यात! आपली काळी माती उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते. ओल गेली की त्या खड्ड्यातून गळका करंट जमिनीत नीट उतरत नाही. म्हणजे कूलर दिवसरात्र चालतो, नेमकं तेव्हाच अर्थिंग कमजोर. खड्ड्यात मीठ-कोळसा नव्यानं भरला, आता रोज बादलीभर पाणी टाकतो. शिवाय बोर्डात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवली. करंट गळला की ती क्षणात लाइन तोडते. पहिल्याच रात्री तिनं लाइन तोडली, तेव्हा कुठं पंप बदलला. टाकी भरण्याआधी प्लग काढायचा, हे मायला पटवायला मात्र आठ दिवस लागले. तिचं एकच, तेवढ्यात बाबांची झोप मोडते.