फाइल कॉपीची स्क्रिप्ट: दुरुस्त करावी की थेट आरसिंक ही तयार कॉपी-कमांड वापरावी?

टर्मिनलवाला: फोटो पेनड्राइव्हवर टाकणारी साधी बॅश स्क्रिप्ट (टर्मिनलच्या कमांडची फाइल): 'फॉर एफ इन' या लूपपुढे एलएसचं (फाइलींची नावं दाखवणारी कमांड) आउटपुट, आत सीपी (कॉपीची कमांड). 'सहल 2023.जेपीजी' आली की सीपी दोनदा कुरकुरतो: 'सहल' सापडत नाही, '2023.जेपीजी' सापडत नाही. बहुतेक जण आतल्या डॉलर-एफला (लूपमधल्या चालू फाइलीच्या नावाला) दुहेरी अवतरण लावतात आणि तरीही एरर तीच येते. कारण मधल्या रिकाम्या जागेवरून नावाचे तुकडे फॉरच्याच ओळीत पडलेले असतात. एलएस काढा, तिथे 'फोटो/*' लिहा (स्टारच्या जागी बॅश स्वतः नावं भरतं) आणि अवतरणही ठेवा. मूळ तारीख टिकवायला सीपीला -पी द्या. एवढं पुरे, आरसिंक कशाला?

सरळमार्गी: पटत नाही. स्टारमध्ये डॉटने सुरू होणाऱ्या (लपलेल्या) फाइली येत नाहीत, आतले फोल्डर सीपी सोडून देतो. त्याहून वाईट म्हणजे मध्येच पेनड्राइव्ह निघाला तर अर्धी फाइल पूर्ण नावाने पडून राहते. आरसिंक आधी तात्पुरत्या नावाने लिहितं, पूर्ण झाल्यावरच नाव बदलतं. पुन्हा चालवलं तर आकार आणि वेळ जुळणाऱ्या फाइलींना हातही लावत नाही.

टर्मिनलवाला: मग त्याचे खड्डेही सांगा ना! 'फोटो/' लिहिलं तर आतला माल जातो, स्लॅश विसरलात तर 'फोटो' फोल्डरच तिकडे तयार होतो. फॅट32 वर (बऱ्याच पेनड्राइव्हची फाइल-व्यवस्था) वेळ 2 सेकंदांच्या टप्प्यात नोंदवली जाते, त्यामुळे न बदललेल्या फाइलीही पुन्हा कॉपी होऊ शकतात.

सरळमार्गी: त्यावर --मॉडिफाय-विंडो=1 आहे, एका सेकंदाचा फरक चालवून घेतो. फॅटवर मालकी आणि परवानग्या टिकत नाहीत, म्हणून -ए (हे सगळं टिकवा) ऐवजी -आरटी (आतले फोल्डर आणि वेळ एवढंच) द्या. पहिल्यांदा -एन लावून नुसती यादी बघा, स्लॅशची चूक तिथेच कळते.

रात्रपाळी: दोघांचंही एक राहिलंय. पेनड्राइव्ह माउंट (सिस्टिममधल्या त्याच्या फोल्डराला जोडलेला) नसेल तर सीपी काय किंवा आरसिंक काय, त्या रिकाम्या फोल्डरात, म्हणजे आपल्याच डिस्कवर, ओतत राहतं आणि एरर येत नाही. आधी 'माउंटपॉइंट -क्यू' ने तपासा, नसेल तर एक्झिट 1, म्हणजे अपयश सांगून थांबा. आणि लूपचा निकाल म्हणजे फक्त शेवटच्या सीपीचा निकाल. तिसरी फाइल फसली आणि शेवटची गेली, तर स्क्रिप्ट 0, म्हणजे यश, देते. प्रत्येक सीपीपुढे '|| चुका=1' (फसलं तर नोंद ठेव) असं काहीतरी हवंच.

टर्मिनलवाला: माउंटचं मान्य, तो तपास हवाच. पण एका फोल्डरातल्या चाळीस फोटोंसाठी मी अजून सीपीच सुचवीन. स्टारला एकही फाइल मिळाली नाही तर 'फोटो/*' हेच नाव सीपीकडे जातं, तेवढं 'शॉप्ट -एस नलग्लॉब' (काही जुळलं नाही तर काहीच देऊ नको) स्क्रिप्टमध्ये वर लिहून ठेवा.

सरळमार्गी: माउंट, नलग्लॉब, चुका मोजणं... आरसिंकच्या एका ओळीला यातला फक्त माउंटचा तपास लागतो.