लोखंडी गोगलगाय खरंच असते का?

गंगापूररोडकर: पाऊस सुरू झाला की आमच्या कुंपणावर शंखी गोगलगायी ढिगाने, त्यावरून भाचा म्हणाला की समुद्रात लोखंडाचे खवले असलेली गोगलगाय असते, मला तर व्हॉट्सअ‍ॅपवरची थाप वाटली. कोणाला माहितीये का?

खारा_वारा: थाप नाही हो. स्केली-फूट स्नेल म्हणतात, २००१ मध्ये हिंदी महासागरात सापडली, साधारण अडीच किलोमीटर खोल, तळातून कढत पाणी उसळतं तिथे. पायावर खवले, त्यांच्यावर आणि शंखावर लोह सल्फाइडचा (लोखंड आणि गंधकाचं संयुग) थर. आणि भारी म्हणजे ही खायच्या भानगडीत फारशी पडतच नाही, अन्ननलिकेजवळच्या मोठ्या ग्रंथीत बॅक्टेरिया पाळलेत, तेच पोसतात. साइज चारेक सेंटीमीटर.

गंगापूररोडकर: बापरे! मग लोहचुंबकाला चिकटेल की?

सिडको_नाना: खवल्यांत ग्रेगाइट असतं, म्हणजे लोह सल्फाइडचाच एक प्रकार, ते चुंबकीय आहे. पण सॉलिटेअर नावाच्या जागी पाण्यातच लोह कमी, तिथल्या पांढुरक्या, लोखंडाचा थर नाहीच, तरी मजेत जगतात. त्यामुळे लोखंडाचा थर म्हणजे तिचं चिलखत-बिलखत असं सांगतात, ते जरा मीठमसालाच.

खारा_वारा: नाना बरोबर. २०१९ मध्ये आययूसीएनने (निसर्ग संवर्धनाची आंतरराष्ट्रीय संघटना) तिला धोक्यात आलेली ठरवलं, कारण तळावर खाणकाम होऊ शकतं. आपल्या देशाचाही २०१६ पासून त्याच महासागराच्या तळावर सल्फाइडची खनिजं शोधायचा करार आहे, त्यावर मात्र कोणी चकार शब्द काढत नाही.